सात हालीचे सहा कलदार

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा मला सांगण्यात आलं, "शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार आहेत. तू बँकेत होतास, काहीतरी माहितीचं लिही." मी होकार दिला आणि आठ दिवस नुसता विचार करत बसलो. बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली शेवटची काही पुण्याला परकीय चलनाच्या खात्यात. डॉलरचा आजचा भाव काय, हे विचारणारे अजूनही भेटतात. पण दोन देशांच्या पैशांचा हिशेब मी पहिल्यांदा शिकलो तो बँकेत नव्हे, आपल्या शाळेत, आठवीच्या वर्गात. १९७१ च्या अकरावीच्या तुकडीतल्या मंडळींना आठवत असेल: गणिताच्या सरांनी त्रैराशिक शिकवताना फळ्यावर एकच ओळ लिहिली होती, '७ हाली = ६ कलदार'. आपण सगळे हसलो होतो. कारण तेव्हा नवे पैसे येऊन दहा-बारा वर्षं झाली होती, आणि हाली म्हणजे काय, हे वर्गातल्या निम्म्या मुलांना ठाऊक नव्हतं.

मला ठाऊक होतं. आमच्या घरात त्या शब्दावरून नऊ वर्षं एका बाईचं माहेर बंद झालं होतं. ते पुढे सांगतो. आधी ही दोन नाणी काय होती ते सांगायला हवं, कारण आता आपल्या नातवंडांना विचारलं तर नगर जिल्ह्याच्या उंबऱ्यावर कधीकाळी दुसरं चलन सुरू होत होतं, यावर त्यांचा विश्वास बसणार नाही.

आपला जिल्हा १८१८ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता. पूर्वेला लागूनच निजामाचं हैदराबाद संस्थान. बीड, औरंगाबाद, उस्मानाबाद हे जिल्हे त्या राज्यात. आपल्याकडची जुनी माणसं त्या मुलखाला 'मोगलाई' म्हणत. शेवगावकडून गोदावरी ओलांडून पैठणला पाय ठेवला की मोगलाई. पाथर्डीचा घाट उतरून बीडच्या वाटेला लागलं की मोगलाई. आमच्या जामखेड तालुक्यात तर नकाशा नुसता गोधडीसारखा होता. आपली गावं मोगलाईच्या गावांत विखुरलेली, एका शेताचा बांध इंग्रजीत तर पलीकडचा निजामात. १७९५ ची खर्ड्याची लढाई मराठे आणि निजाम यांच्यात झाली ती आमच्याच तालुक्यात, हे शाळेत पाठ केलं होतं. पण लढाई एक दिवसाची. हद्द पुढे दीडशे वर्षं टिकली, आणि बाजारहाट करणाऱ्या माणसाला ती पैशातून जाणवायची.

इंग्रजांचा रुपया तो कलदार. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला, कडेला सारख्या खाचा असलेला, म्हणून कलदार. कंपनी सरकारने १८३५ साली सगळ्या मुलखासाठी एकाच वजनाचा रुपया ठरवला. त्याआधी आपल्याकडे चांदवडी, अंकुशी असे नाना तऱ्हेचे रुपये चालत आणि सराफाशिवाय पान हलत नसे. कलदाराने तो गोंधळ हळूहळू मोडला. हैदराबादेत मात्र तो मोडला नाही, कारण तिथे टांकसाळ निजामाची. त्या राज्यातही आधी ठिकठिकाणी वेगवेगळे रुपये पाडले जात. १८५७ च्या उठावानंतर नाण्यांवरून दिल्लीच्या बादशहाचं नाव गेलं, आणि दिवाण सालारजंग यांच्या कारभारात एकच चालू शिक्का ठरला, तो 'हाली शिक्का'. हाली म्हणजे सध्याचा, चालू. आपण 'हल्ली' म्हणतो तो शब्द याच घरचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यावर चारमिनारचं चित्र आलं, आणि शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात त्याला 'उस्मानिया शिक्का' असं नाव पडलं. सरकारी कागदांत कलदाराला बी.जी. आणि हालीला ओ.एस. अशी इंग्रजी आद्याक्षरं असत. गावात मात्र हाली आणि कलदार हेच शब्द.

आता सातास सहा हा भाव आला कुठून? मला हे कोडं बरीच वर्षं होतं. निवृत्त झाल्यावर मी आपल्याच तुकडीतल्या एका मित्राच्या सराफी दुकानात दोन जुनी नाणी घेऊन गेलो. त्याच्या काट्यावर ती ठेवली. कलदार ११.६६ ग्रॅमचा आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, पण चांदी शेकडा ८१.८, म्हणजे सुमारे ९.१४ ग्रॅम. (झिजलेली नाणी काट्यावर थोडी कमी भरली, हे आकडे टांकसाळीच्या प्रमाणाचे.) आता हिशेब करा. ७ हालींत चांदी सुमारे ६४ ग्रॅम. ६ कलदारांत ६४.१५ ग्रॅम. फरक गुंजेच्या आसपास. मित्र म्हणाला, "अरे, हे तर आमच्या धंद्यातलंच गणित!" खरंच तसं होतं. भावाच्या पोटात चांदी होती.

पण नेहमीच चांदी होती असं नाही, आणि इथे विषय जरा अवघड होतो. १८९३ पर्यंत कुणीही चांदी घेऊन इंग्रजांच्या टांकसाळीत जावं आणि रुपये पाडून आणावेत, अशी सोय होती. त्या साली सरकारने ती बंद केली. जगात चांदीचा भाव कोसळत होता आणि लंडनला पौंडांत पैसे पाठवताना हिंदुस्थान सरकारचं कंबरडं मोडत होतं. टांकसाळ बंद झाल्यावर कलदार चांदीपासून सुटला आणि पौंडाला बांधला गेला, १ रुपया म्हणजे १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे १५ रुपयांना एक पौंड. हाली मात्र अजून चांदीच्या मागे फरफटत होता. त्यामुळे हालीचा भाव कधी खाली, कधी वर. हद्दीवरच्या व्यापाऱ्याला आज घेतलेला माल उद्या कोणत्या भावाने पडेल याची खात्री नसे. हैदराबाद सरकारने पुढे खटपट करून तो स्थिर केला आणि १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली हा भाव रूढ झाला. हाच सातास सहा. १९२७ साली कलदार १ शिलिंग ६ पेन्सचा झाला, तेव्हा पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै कलदार आणि म्हणून साडेपंधराच्या वर हाली पडू लागले. लंडनमध्ये दोन पेन्स सरकले की आष्टीच्या बाजारातल्या हालीचा पौंडातला भाव सरकायचा, आणि बाजारातल्या कुणालाच त्याचा पत्ता नसायचा.

पहिल्या महायुद्धात चांदीची चणचण झाली तेव्हा इंग्रजांनी निजामाला कागदी नोटा काढू दिल्या. १९१८ साली १० आणि १०० रुपयांच्या नोटा आल्या, पुढच्या वर्षी १ आणि ५ च्या. दुसऱ्या कुठल्या संस्थानाला स्वातंत्र्यानंतरही आपल्या नोटा चालवता आल्या नाहीत, हैदराबादला आल्या. गंमत म्हणजे नाशिकला नोटांचा छापखाना निघाल्यावर निजामाच्या नोटाही तिथेच छापल्या जाऊ लागल्या. दोन पैशांमधली भिंत, आणि दोन्ही पैसे छापणारं गाव एकच! १९४० साली इंग्रजांनी कलदारातली चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ ला निकेलचे रुपये आले, तरी सातास सहा तसाच राहिला. म्हणजे आता भाव धातूचा राहिला नव्हता, सरकारांच्या शब्दाचा होता.

हद्दीवर हे सगळं रोजच्या जगण्यात कसं शिरत होतं, ते सरांनी सांगितलं होतं. सर मूळचे मोगलाईतले, आष्टी तालुक्यातले. त्या राज्यात वरच्या वर्गांना उर्दू माध्यम, म्हणून घरच्यांनी त्यांना नगरला शिकायला पाठवलं. अशी बरीच मुलं तेव्हा नगरला येत. महिन्याच्या खर्चाला घरून १४ रुपये हाली मिळायचे. नगरच्या खानावळीत हाली कोण घेणार? सराफाकडे जायचं. १४ चे १२ व्हायचे, पण सराफ आपला बट्टा कापून हातावर ११ रुपये १४ आणे ठेवायचा. सुट्टीत घरी जाताना उरलेले कलदार पुन्हा हाली करायचे, पुन्हा बट्टा. सर म्हणायचे, "मी चौदा घेऊन निघालो आणि काहीच खर्च न करता परत गेलो, तरी घरी चौदा पोचत नसत." मी पुण्याला परकीय चलनाच्या टेबलावर बसलो तेव्हा खरेदीचा भाव आणि विक्रीचा भाव असे दोन रकाने समोर आले. साहेब समजावून सांगू लागले. मी मनात म्हटलं, हा तर आमचा बट्टा.

सरांचा दुसरा धडा याहून महत्त्वाचा होता. हालीचे कलदार करताना सातवा हिस्सा वजा करायचा. कलदाराचे हाली करताना सहावा हिस्सा मिळवायचा. ४२ हालीतून ६ गेले, ३६ कलदार. ३६ कलदारांत ६ मिळवले, ४२ हाली. जाताना सातवा, येताना सहावा. अडाणी माणसाला दोन्ही वेळा 'सहावा' सांगितला की ४२ हालीचे ३५ च कलदार हातात पडत, आणि त्याला कळतही नसे. मढीच्या यात्रेला मोगलाईतून लोक येत, पैठणला नाथषष्ठीला आपल्याकडून जात. दोन्हीकडे पैसे मोडून देणारे बसलेले असत. सर म्हणायचे, "सहा आणि सात यांतला फरक ज्याला कळत नव्हता, त्याचा एक रुपया जात होता. म्हणून हे गणित तुम्हाला शिकवतोय." परीक्षेत हाली-कलदार येणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

हद्दीवर करोडगिरीचा नाका असायचा. करोडगिरी म्हणजे जकात, मालाच्या किमतीवर शेकडा ५. त्यामुळे माल हद्द ओलांडायचा तेव्हा त्याला दोन कात्र्या लागायच्या, एक जकातीची आणि एक बट्ट्याची. आमच्या आजोबांचं म्हणणं असं की मोगलाईत सगळं स्वस्त ही निव्वळ अफवा होती. रुपयाला जास्त ज्वारी मिळते म्हणून माणूस बैलगाडी जुंपायचा, आणि घरी येऊन हिशेब केला की चाकाला घातलेल्या वंगणाचेही पैसे निघायचे नाहीत.

आता आमच्या घरची गोष्ट.

आजोबांची धाकटी बहीण, आमची आत्याआजी, आष्टी तालुक्यात दिलेली. आमच्या गावापासून चालत अर्ध्या दिवसाची वाट, पण राज्य दुसरं. १९४६ च्या उन्हाळ्यात आजोबांनी विहीर खणायला काढली. पाणी लागेना, पैसा संपला. तेव्हा ते बहिणीकडे गेले आणि दाजींकडून ३५० रुपये उसने घेतले. नात्यात व्याज नको, असं ठरलं. दाजींनी मोडीत चार ओळींचा रोखा लिहिला, आजोबांनी खाली सही केली. पैसे खर्ड्याला मोडले, बट्टा जाऊन ३०० ला थोडे कमीच आले. विहिरीला पाणी लागलं, तो भाग सुखाचा.

नंतर देश स्वतंत्र झाला आणि निजामाने वेगळं राहायचं ठरवलं. तेरा महिने खरोखरच दोन देश होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये दोन्ही सरकारांत 'जैसे थे' करार झाला, आणि त्यानंतर लवकरच हैदराबाद सरकारने वटहुकूम काढला की भारताचा रुपया आपल्या राज्यात कायदेशीर चलन नाही. दिल्लीने तो करारभंग मानला आणि हा दोन सरकारांमधल्या मोठ्या भांडणाचा एक मुद्दा झाला. रझाकारांचे दिवस होते. हद्दीवरून येणं-जाणं थांबलं. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, संस्थान भारतात आलं, पण हाली लगेच गेला नाही. दोन्ही पैसे बरोबरच चालत राहिले.

वाट मोकळी झाल्यावर, १९४९ च्या उन्हाळ्यात, आजोबा कर्ज फेडायला गेले. कनवटीला ३०० रुपये कलदार. दाजींनी मोजले आणि म्हणाले, "पन्नास कमी हायेत."

आजोबा म्हणाले, "दाजी, सातास सहा. साडेतीनशे हालीचे तीनशे."

दाजी म्हणाले, "त्यो हिशेब निजामाचा. आता राज्य एक, रुपया एक. कागदावर साडेतीनशे लिवलंय का न्हाई?"

कागदावर साडेतीनशेच होतं. हाली की कलदार, हा शब्दच नव्हता. लिहिणाऱ्याला तो लिहायची गरजच वाटली नव्हती. १९४६ साली आष्टी तालुक्यात रुपया म्हणजे हालीच. मासा पाण्याला पाणी कुठे म्हणतो? पण तीन वर्षांनी त्याच गावात रुपया म्हणजे काय, हे सांगणारं राज्यच बदललं होतं.

आजोबा तीनशे ठेवून उठून आले. पुढच्या नागपंचमीला आत्याआजीला कुणी आणायला गेलं नाही आणि तिकडूनही कुणी पाठवलं नाही. नऊ वर्षं.

मी बँकेतल्या माणसाच्या नजरेने हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. सरकारी भावाने आजोबा बरोबर होते. संस्थान गेल्यावर सरकारी नोकरांचे पगार, जुनी देणी-घेणी, सगळं ओ.एस. मधून आय.जी. मध्ये, म्हणजे भारत सरकारच्या रुपयांत, सातास सहानेच बदललं गेलं. त्यावर कोर्टात खटलेही झाले. पण दाजी अगदीच लबाड होते असं मला वाटत नाही. १९४६ ते १९४९ या काळात महागाई वाढली होती. त्यांनी जेवढ्या ज्वारीचे पैसे दिले, तेवढी ज्वारी परत आलेल्या पैशात मिळत नव्हती. त्यांना नुकसान जाणवत होतं, पण ते कशामुळे झालं हे त्यांना सांगता येत नव्हतं, आणि 'रुपया एक' हे वाक्य हाताशी होतं. त्यात हालीचं पुढे काय होणार, त्याचा कागद होणार की काय, ही भीती तेव्हा मोगलाईतल्या प्रत्येक घरात होती. तशी वेळ आली नाही. पन्नाशीच्या दशकात सरकारने हाली टप्प्याटप्प्याने, ठरलेल्या भावाने मागे घेतला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, आणि आणे-पैच निघाले तिथे हाली-कलदाराचं काय!

१९५८ च्या दिवाळीत आजोबांनी स्वतः गाडी जुंपली आणि बहिणीला घेऊन आले. भाऊबीजेच्या ताटात ५० रुपये ठेवले. दाजी ओसरीवर बसले होते. ५० रुपये कसले, हे त्यांनी विचारलं नाही आणि आजोबांनी सांगितलं नाही. हे मी माझ्या आईकडून ऐकलं.

मी अकरावी झालो त्या सुट्टीत आजोबांच्या ट्रंकेत तो रोखा सापडला. फेडीच्या वेळी तो परत कसा आला, कोण जाणे. मला मोडी येत नव्हती, म्हणून तो सरांकडे घेऊन गेलो. सरांनी चष्मा लावला, एकदा वाचला, आणि तारखेवर बोट ठेवलं. "माहे खुर्दाद, सन १३५५ फसली." म्हणाले, "आपल्या बाजूचा माणूस शके लिहील नाहीतर इंग्रजी तारीख. खुर्दाद महिना फक्त हैदराबादच्या दप्तरात. फसलीत ५९१ मिळव, १९४६ येतात की नाही? लिहिणारा ज्या राज्याचा महिना लिहितो, त्याच राज्याचा रुपया मोजतो." शब्द नव्हता, पण साक्ष होती. इतकी वर्षं दोन्ही घरांत तो कागद भांडणात ओढला गेला, आणि तारखेकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. कोर्टात हा पुरावा टिकला असता की नाही, ते वकील मित्रांनी सांगावं. मला तेव्हा तरी फार मोठा शोध लावल्यासारखं वाटलं.

तो शोध सांगायला मी दुसऱ्याच दिवशी सायकल काढून आष्टीच्या वाटेने आत्याआजीकडे गेलो. तोवर आजोबा नव्हते, दाजीही नव्हते. ती अंगणात मेथी निवडत बसली होती. मी खुर्दाद, फसली, सातास सहा, सगळं सविस्तर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"हालीच्याच नोटा व्हत्या," ती म्हणाली. "म्याच तर गाडग्यातनं काढून मोजून दिल्या व्हत्या तुझ्या आज्याला."

मी म्हटलं, "आजी, मग तेव्हाच सांगायचं ना!"

तिने मेथीची जुडी सोडली आणि म्हणाली, "मला कुनी इचारलं व्हतं का?"